खिळे, मोळे आणि छापखान्याची बोली

मराठीचा शिक्षक म्हणून नोकरीला लागून मला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. साल १९९८. नववीच्या सहामाही परीक्षेत मी ‘आमच्या घरातील कष्टकरी’ असा निबंधाचा विषय दिला होता. एका मुलाने आपल्या आजोबांवर लिहिले. आजोबा छापखान्यात कामाला होते. ‘‘माझे आजोबा खिळे जुळवतात, पुरूप काढतात आणि रात्री फर्मा चढवून घरी येतात,’’ असे त्याचे वाक्य होते. माझी एम. ए.ची पदवी ताजी होती आणि हातात लाल शाईचे पेन होते. मी ‘खिळे’ खोडून वर ‘अक्षरटंक’ लिहिले, ‘पुरूप’ खोडून ‘मुद्रित’ लिहिले, ‘फर्मा’भोवती गोल काढून ‘ग्राम्य’ असा शेरा मारला आणि वीसपैकी नऊ गुण देऊन मोकळा झालो.

चार दिवसांनी, शनिवारची सकाळची शाळा सुटता सुटता, साठीचे एक गृहस्थ शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. डोक्यावर टोपी, नखांत मुरलेली काळी शाई. गल्लीतले सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून शिशाचा एक लहानसा तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘सर, चाळीस वर्सं ह्येला आमी खिळा म्हनतोय ओ. नातवाच्या पेपरात तुमी त्येच्यावर काट मारलीसा. मग ह्येला म्हनायचं तरी काय?’’

ते रागावलेले नव्हते. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. टेबलावरचा तो तुकडा समोर असताना ‘अक्षरटंक’ म्हणायला माझी जीभ उचलेना. मी नातवाचे गुण वाढवून दिले, पण तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. पुढच्या रविवारी मी मामांच्या छापखान्यात गेलो. त्यानंतर अनेक रविवार गेलो. तिथे ऐकलेले शब्द एका शंभर पानी वहीत टिपत गेलो आणि त्यांचा माग काढता काढता मला जो इतिहास दिसला, तो या दिवाळीत वाचकांपुढे ठेवत आहे.

कागदाबरोबर आलेले शब्द

छापखान्यात शिरले की प्रथम दिसत ते कागदाचे गठ्ठे. ‘दोन रीम आलेत’, ‘दस्ताभर बाजूला काढ’, ‘ताव मोजून घे’ असे शब्द कानावर पडत. छापखान्यातील शब्दांचा हा सर्वांत जुना थर. यंत्र येण्याच्या कितीतरी आधी कागद आपल्याकडे आला होता.

कागदापूर्वी आपण पानांवर लिहीत होतो. उत्तरेत भूर्जपत्र, दक्षिणेत ताडपत्र. म्हणून आजही आपण पुस्तकाचे ‘पान’ उलटतो. आपल्या शेजारच्या कानडीत ताडाच्या पानाला ‘ओले’ म्हणतात आणि पत्रालाही ‘ओले’च म्हणतात. ताड गेला, त्याचे नाव मागे राहिले.

‘कागद’ हा शब्द फारसीतून आला, कारण कागद करण्याची विद्याच सुलतानांच्या काळात इकडे पसरली. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान असलेले कागजीपुरा हे गाव त्या धंद्याचे नावच अंगावर वागवते. जुन्नरचा कागदही प्रसिद्ध होता. चिंध्या आणि जुने दोर भिजवून, कुटून त्यांचा लगदा करायचा, तो हौदातल्या पाण्यात पातळ करायचा, काड्यांच्या बारीक चटईचा साचा त्यात बुडवून अलगद वर उचलायचा. पाणी गळून गेले की साच्यावर उरतो तो ताव. तो वाळल्यावर त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. खळ नसेल तर बोरूची शाई कागदावर फुटते. ‘घोटणे’ आणि ‘खळ’ हे दोन्ही शब्द आपण घरात वापरतो, पण ते कागदाच्या धंद्यातही तितकेच जुने आहेत.

‘दस्ता’ म्हणजे फारसीत हातात मावेल एवढा जुडगा. ‘दस्त’ म्हणजे हात. चोवीस तावांचा एक दस्ता आणि वीस दस्त्यांची, म्हणजे ४८० तावांची, एक रीम. पुढे ५०० तावांची रीम रूढ झाली. हा ‘रीम’ शब्द आपण इंग्रजी समजतो. त्याचे मूळ अरबीतील ‘रिज्मा’ म्हणजे गठ्ठा. अरबांनी कागद स्पेनात नेला, स्पेनमधून शब्द फ्रान्सात आणि तेथून इंग्लंडात गेला आणि साहेबाच्या गलबतातून आपल्याकडे आला. दस्ता खुष्कीच्या वाटेने आला, रीम समुद्रावरून आली आणि मामांच्या छापखान्यातल्या एकाच फळीवर दोघे शेजारी बसले.

‘शाई’चेही असेच. फारसीत ‘सियाह’ म्हणजे काळा, त्यावरून स्याही आणि शाई. म्हणजे ज्या लाल शाईने मी मामांच्या नातवाच्या चुका काढल्या, ती शब्दशः ‘लाल काळी’च होती! मुलांच्या पाठीवरचे ‘दप्तर’ तर त्याहून लांबून आलेले आहे. ग्रीक भाषेत लिहिण्यासाठी कमावलेल्या कातड्याला ‘दिफ्थेरा’ म्हणत. तो शब्द पश्चिम आशियातून फारसीत, फारसीतून मराठ्यांच्या कारभारात आणि तेथून आमच्या पहिलीच्या वर्गात आला.

ठसा, शिळा आणि खिळा

आता यंत्राकडे वळू. हिंदुस्थानात छापण्याचे यंत्र पहिल्याने उतरले ते आपल्या शेजारी, गोव्यात. ६ सप्टेंबर १५५६ रोजी जेझुइट पाद्र्यांबरोबर ते गोव्यास आले. खरे तर ते ॲबिसिनियाला जायचे होते, पण गोव्यातच राहिले. पुढे साठ वर्षांनी, १६१६ साली, राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला, कारण नागरी अक्षरांचे खिळे तेव्हा कोणी ओतलेलेच नव्हते. इथल्या अक्षरांसाठी फारच जास्त साचे लागतात, ही अडचण स्टीफन्स यांनी १६०८ सालच्या आपल्या पत्रात मांडली होती. मराठी भाषा छापखान्यात शिरली, तिची लिपी मात्र दाराबाहेर थांबली.

तिला आत यायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. १८०५ साल मराठी मुद्रणात दोन कारणांनी लक्षात ठेवावे. त्या साली आपल्यापासून दूर नसलेल्या मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर उलटी कोरून छापली गेली. एक पान म्हणजे एक पत्रा. आपल्या तांबटांच्या आणि शिक्के कोरणाऱ्यांच्या कसबाला हे सहज जमणारे होते. ‘ठसा’, ‘छाप’, ‘मुद्रा’ हे शब्द तेथलेच. राजाची मुद्रा कागदावर उमटवायची, तशीच पोथी उमटवायची. ‘मुद्रण’ हा आज आपल्याला पुस्तकी वाटणारा शब्द या शिक्क्याच्याच घराण्यातला आहे. नाणेफेकीच्या वेळी मुले ‘छापा का काटा’ म्हणतात, त्यातला छापाही तोच.

त्याच १८०५ साली बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण नागरी खिळ्यांनी छापून निघाले. १८१० साली त्यांचा मराठी कोश निघाला, त्यात मराठी शब्द मोडी अक्षरांत आहेत. श्रीरामपूरच्या छापखान्यासाठी अक्षरे कोरण्याचे काम पंचानन कर्मकार यांनी सुरू केले. कर्मकार म्हणजे लोहार. पत्रा आणि खिळा यांतला फरक इथे ध्यानात घ्यावा. कोरलेला पत्रा एकाच पानाच्या कामी येतो. सुट्टी अक्षरे मात्र आज एका पानात, उद्या दुसऱ्या पानात बसतात. पोलादावर अक्षर कोरायचे, ते तांब्यावर ठोकून त्याचा खोलगट साचा करायचा आणि त्या साच्यात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतायचा. अँटिमनीमुळे शिसे कठीण होते. त्या खोलगट साच्याला इंग्रजीत मॅट्रिक्स म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी आई आहे. मराठीत त्याला ‘मातृका’ हा प्रतिशब्द आला, त्याच्याही मुळाशी आईच आहे, आणि संस्कृतात मातृका म्हणजे वर्णमालाही. कोशकारांना असे शब्द सुचतात तेव्हा त्यांना मनापासून दाद द्यावीशी वाटते.

मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ साली पहिले मराठी पुस्तक छापले. पण सर्वसामान्य मराठी घरात छापील कागद पोहोचला तो शिळाछापाने. बव्हेरियातून येणाऱ्या चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने लिहायचे आणि शिळा ओली करून छापायचे. ओल्या जागी शाई धरत नाही, लिहिलेल्या जागी धरते. यात खिळ्यांची गरजच नव्हती आणि अक्षराचे वळण पोथीसारखेच राही. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली याच पद्धतीने पंचांग छापले. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथीला शिवत नसत. तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात.

खिळ्याला खरे मराठी रूप दिले ते जावजी दादाजींनी. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या अक्षरांवर कित्येक पिढ्या वाचायला शिकल्या.

आता मामांच्या प्रश्नाकडे येतो. त्यांनी टेबलावर ठेवलेला तुकडा इंचाला किंचित कमी उंचीचा होता. सडपातळ, चौकोनी, डोक्यावर ‘म’ उलटा. तो पाहणाऱ्या कारागिराला लोहाराचा खिळा आठवला असेल, तर त्यात ग्राम्य काय आहे? त्याने अर्थ अचूक पकडला. सुटा, ओतीव, हातात धरून ओळीत बसवायचा. ‘खिळा’वरून ‘खिळे जुळवणे’ आले आणि ते काम करणारा ‘जुळारी’ झाला. कंपोझिटरला इतका नेटका मराठी शब्द एखाद्या समितीला सुचला असता तर तिचा सत्कार झाला असता.

कानडीतले मोळे

मामांच्या शेजारच्या केसवर बैलहोंगलकडचे एक कानडी जुळारी बसत. आमच्या भागात लग्नपत्रिका एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कानडी असते, हे वाचकांना सांगायला नको. मामांना कानडी बोलता येई, वाचता फारसे येत नसे. तरी घाईच्या वेळी ते कानडी ओळ आकार बघून जुळवत. जुळाऱ्याला ओळ उलटीच वाचावी लागते. मामा हसून म्हणत, ‘‘उलटं झालं की मराठी काय आन् कानडी काय, सारखंच.’’

एकदा त्या कानडी जुळाऱ्यांनी हात पुढे करून मामांना म्हटले, ‘‘मामा, मोळे कोड्री.’’ मी चमकलो. ‘मोळे’ म्हणजे कानडीत खिळा, भिंतीत ठोकतात तो. कानडीत टाइपाला ‘अच्चुमोळे’ म्हणतात! मराठी कारागिराने ज्या वस्तूला खिळा म्हटले, त्याच वस्तूला कानडी कारागिराने मोळे म्हटले. दोघांच्या डोळ्यांना तीच गोष्ट दिसली.

त्यातल्या ‘अच्चु’चा अर्थ साचा किंवा ठसा. संक्रांतीला कानडी घरांतून तिळगुळाबरोबर साखरेची साच्यात ओतलेली चित्रे येतात, ती ‘सक्करे अच्चु’. तोच अच्चु छापखान्यात गेला आणि ‘अच्चुकूट’ म्हणजे छापखाना झाला. आपल्याकडे ठसा होता, त्यांच्याकडे अच्चु. प्रुफाला आपण ‘कच्चे मुद्रित’ म्हणतो, ते ‘करडु’ म्हणतात. ‘करडु’ म्हणजे कच्चे लेखन, आपण ज्याला ‘खर्डा’ म्हणतो ते. आणि पाटीवर लिहायची वेळ आली की दोघेही संस्कृतकडे जाऊन एकच शब्द घेऊन येतात, ‘मुद्रणालय’. लिपी तेवढी निराळी.

इतिहासही तसाच जोडलेला आहे. ज्या श्रीरामपुरात १८०५ साली मराठी व्याकरण छापले गेले, तिथेच १८१७ साली त्याच कॅरींचे कानडी व्याकरण छापले गेले. १८४३ साली मंगळूरला निघालेले कानडी वृत्तपत्र ‘मंगळूर समाचार’ही, गणपत कृष्णाजींच्या पंचांगासारखेच, शिळाछापाचे होते. पाट्यांवरून आमच्या गावात जे काही होते ते सर्वांना ठाऊक आहे आणि मी त्यात इथे शिरत नाही. आपली भाषा जपण्याचा हक्क मी कोणाहून कमी मानत नाही. एवढेच सांगतो की ती पाटी छापणाऱ्या दोन माणसांमध्ये शब्दांवरून भांडण झालेले मी कधी पाहिले नाही.

विदूषकाची टोपी

परीक्षेच्या काळात प्रत्येक शाळेत एक शब्द शंभर वेळा उच्चारला जातो, ‘फुलस्केप’. माझ्या मुलांचा समज असा की ‘फुल’ म्हणजे पूर्ण, म्हणून मोठा कागद तो फुलस्केप. खरी गोष्ट निराळी आहे. युरोपात हाताने कागद करताना तारांच्या साच्यावर तारेचीच एखादी आकृती बसवत. तिथे लगदा पातळ बसे आणि कागद उजेडाकडे धरला की ती आकृती दिसे. हे जलचिन्ह. एका मापाच्या कागदावर विदूषकाची घुंगरांची टोपी असे. इंग्रजीत मूर्खाच्या टोपीला जे म्हणतात त्यावरून त्या मापाचे नाव ‘फूल्सकॅप’ पडले. टोपी गेली, माप राहिले. ‘क्राउन’चेही तसेच, त्यावर मुकुट असे. ‘डेमी’ हा फ्रेंचमधला अर्धा. आपले दिवाळी अंक ज्या डेमी आणि क्राउन आकारांत निघत आले, त्यांची नावे अशी आहेत. मुलांना हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, ‘‘म्हणजे सर, आम्ही पेपर मूर्खाच्या टोपीवर लिहितो?’’ त्याला मी काय उत्तर देणार!

कागदाच्या जातींची नावेही अशीच बोलकी आहेत. तारांच्या समांतर रेघा दिसणाऱ्या साच्याऐवजी विणलेल्या जाळीचा साचा आला आणि सपाट कागद निघू लागला, तो ‘वोव्ह’ म्हणजे विणलेला. त्यावरून ‘क्रीमवोव्ह’. मामांच्या छापखान्यातला बराच कागद दांडेलीचा असे. तिथली गिरणी १९५५ साली स्थापन झाली आणि तिने कारवार जिल्ह्याच्या जंगलातल्या बांबूचा कागद केला. खानापूरकडच्या वाचकांना तो बांबू आणि ते ट्रक आठवत असतील. चिंध्यांचा लगदा जाऊन बांबूचा आला, लगदा हा शब्द मात्र तोच राहिला.

वहीतले शब्द

मामांचा छापखाना २००४ साली बंद झाला. ऑफसेट आले होते, संगणक आला होता. खिळे किलोच्या भावाने मोडीत गेले. शिशाला दर बरा होता. मामा २०११ साली वारले. माझ्या वहीत त्यांच्या तोंडचे दोनशेच्या वर शब्द आहेत.

त्यांचा नातू आज संगणकावर मराठी आणि कानडी दोन्ही मजकूर जुळवतो. शाळेचे अहवाल त्याच्याकडेच जातात. मध्यंतरी तो म्हणाला, ‘‘सर, लेडिंग थोडं वाढवू का?’’ मी विचारले, लेडिंग म्हणजे काय? म्हणाला, दोन ओळींतले अंतर. मग मी त्याला सांगितले की ‘लेड’ म्हणजे शिसे. तुझे आजोबा दोन ओळींच्या मध्ये शिशाच्या पट्ट्या घालत, ते लेडिंग. तू ज्याला फॉन्ट म्हणतोस तो फ्रेंचमधला ‘ओतीव’. तू बारा पॉइंट म्हणतोस तो पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, तोही खिळ्याच्याच मापाचा. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे आजोबांचंच काम करतोय की मी.’’

महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याच्या परिभाषा कोशांनी मराठीची मोठी सेवा केली. ‘मुद्रितशोधक’सारखा शब्द मी आजही अभिमानाने वापरतो. नवे शब्द घडवणे हा दोष नव्हे. दोष माझ्या लाल पेनाचा होता. नवा शब्द जुन्याच्या शेजारी बसवायचा सोडून मी जुना खोडला. कागद कोणत्या वाटेने आला, खिळा कोणी ओतला, शेजाऱ्याशी आपले काय नाते होते, याची साक्ष हे शब्दच देतात. ती साक्ष कागदोपत्री फारशी मिळत नाही, कारण ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे लिहिणे जुळवले त्यांना स्वतःचे लिहायला वेळ मिळाला नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या घरात किंवा गल्लीत कोणी जुने जुळारी, बाईंडर, यंत्रचालक असतील, तर या दिवाळीत फराळाला गेल्यावर त्यांच्याजवळ घटकाभर बसा. त्यांच्या कामातले शब्द विचारा, मराठी असोत की कानडी, आणि ते जसे बोलतात तसेच लिहून घ्या. शुद्ध करू नका.

तो ‘म’ मामांनी त्या दिवशी परत नेला नाही. ‘‘असू दे तुमच्याकडं, पोरास्नी दाखवाय,’’ म्हणाले. मुख्याध्यापक झाल्यावर मी तो माझ्या टेबलावर ठेवला. नववीच्या मुलांना वर्षातून एकदा तो शाईच्या गादीवर टेकवून वहीत उमटवू देतो. खिळ्यावर उलटा दिसणारा ‘म’ कागदावर सुलटा उमटला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग मी फळ्यावर त्याचे नाव लिहितो : खिळा. आणि त्याच्या खाली : मोळे.